ताप उतरेना, तेव्हा शेरडांचं विचारा

आमच्या येडशीच्या शिवारात चुलत्यांची वस्ती आहे. रामलिंगाच्या जंगलाला लागून माळरान, दोन म्हशी आणि धा-बारा शेरडं. दोन वर्षांपूर्वी पौषात तात्यांना ताप यायला लागला. सकाळी माणूस ठीक असायचा. दुपार कलली की अंग मोडून यायचं, रात्री घामानं गोधडी भिजायची आणि पहाटे पुन्हा ताप नाही. आठ-दहा दिवस ताप यायचा, मध्ये चार दिवस जायचा, की परत सुरू. कंबर धरली, गुडघे धरले, अन्न जाईना. बारा पोत्यांची गाडी एकट्यानं भरणारा गडी काठी घेऊन चालू लागला.

मग आपल्याकडं जे होतं ते सगळं झालं. गावात सलाईन लावली, सुया मारल्या. रक्त तपासलं तर "टायफॉईड निघाला". चौदा दिवस औषध घेतलं, ताप गेला आणि पुन्हा आला. मोठ्या गावाला नेलं, तिथंही टायफॉईडच निघाला, पुन्हा औषध. तिसऱ्या ठिकाणी कंबरेचा फोटो काढला, मणक्यात काहीतरी दिसतंय म्हणाले आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी महिनाभर बरं वाटलं. घरच्यांना वाटलं, चला, रोग सापडला. मग पोट बिघडलं म्हणून गोळ्या बंद झाल्या आणि ताप पुन्हा दारात. तोवर चार महिने गेले होते, एक म्हैस विकली होती, आणि बायाबापड्या करणी झाली म्हणून बोलायला लागल्या होत्या.

शेवटी एका सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं कागद बाजूला ठेवले, स्टूल ओढलं आणि तात्यांच्या शेजारी बसला. त्यानं विचारलं, "बाबा, काम काय करता?"

"शेती."

"जनावरं आहेत?"

"हायेत की. दोन म्हशी व्हत्या, आता एक ऱ्हायली. धा-बारा शेरडं."

"एवढ्यात एखादं गाभडलं का?"

तात्या बघतच राहिले. म्हणाले, "तीन शेरडं गाभडली, दिवाळीच्या पुढं. एकीचा जार अडकला व्हता. म्याच हातानं काढला. पर त्याचा माझ्या तापाशी काय संबंध, डाक्टर?"

संबंध होता. रक्ताची वेगळी तपासणी झाली आणि रोगाचं नाव कळलं: ब्रुसेलोसिस. सहा आठवडे दोन प्रकारच्या गोळ्या घेतल्या. औषध महागडं नव्हतं. तात्या आज पुन्हा शेतात आहेत. म्हैस मात्र परत आली नाही.

हा लेख तात्यांसाठी नाही, ते बरे झाले. ज्या घरात आज तिसऱ्या महिन्यातला ताप चालू आहे आणि फायलीत चार दवाखान्यांचे कागद आहेत, त्या घरासाठी आणि त्या गावच्या कारभाऱ्यांसाठी हा लेख आहे.

शेळीकडून माणसाकडं

ब्रुसेलोसिस हा नवा रोग नाही. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रज शिपाई असाच चढउताराचा ताप येऊन महिनोन्महिने झुरायचे. 1887 साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं त्याचा जंतू शोधला. पण हा जंतू माणसात येतो कुठून, हे कुणाला कळेना. कुणी हवेला दोष दिला, कुणी पाण्याला. 1905 साली थेमिस्टोक्लिस झॅमिट या तिथल्याच डॉक्टरनं दाखवून दिलं की रोग बेटावरच्या शेळ्यांत आहे आणि तो दुधातून येतो. वरून पाहता शेळ्या धडधाकट दिसत होत्या. 1906 पासून शिपायांना शेळीचं दूध देणं बंद केलं आणि त्यांच्यातला तो ताप झपाट्यानं ओसरला. म्हणजे औषध सापडण्याच्या कितीतरी आधी, नुसतं कारण ओळखल्यानं माणसं वाचली.

आता आपल्याकडं बघा. उस्मानाबादी शेळी ही आपल्या जिल्ह्याची ओळख. गरिबाची गाय ती. तिच्यावर पोरांची शिक्षणं होतात, लग्नं निघतात. या शेळीला बोल लावायचा नाही. पण शेळ्या-मेंढ्यांत येणारी या जंतूची जात माणसाला सर्वांत जास्त त्रास देते, हे आपण जाणून घेतलं पाहिजे. शेळी गाभण काळाच्या शेवटच्या दोन महिन्यांत गाभडते, गाय-म्हैस पाचव्या महिन्यानंतर. पडलेलं पिल्लू, जार आणि पाण्याची पिशवी यांत कोट्यवधी जंतू असतात. आपण तो जार उघड्या हातानं ओढतो, उकिरड्यावर फेकतो, कुत्री तो गावभर नेतात. निरसं दूध लेकराला "ताकद येते" म्हणून पाजतो. आपल्या भूमकडच्या खव्यातून हा रोग यायचा नाही, कारण दूध आटून आटून उकळलेलं असतं. धोका आहे तो निरशा, धारोष्ण दुधात आणि उघड्या हातात.

केंद्र सरकारनं सप्टेंबर 2019 मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदा दिली जाते. चांगलं आहे, ती टोचून घ्यावी. पण या लसीच्या कार्यक्रमात शेळ्या नाहीत. ज्या जिल्ह्याच्या नावानं शेळीची जात ओळखली जाते, त्या जिल्ह्यानं तरी हा प्रश्न विचारायला नको का?

डॉक्टरची चूक कुठं होते?

डॉक्टरांना शिव्या घालणं सोपं आहे. पण चूक कशी होते ते समजून घेतलं तर ती टाळता येते.

पहिली गोष्ट विडाल तपासणीची. गावोगावच्या लॅबमध्ये टायफॉईडसाठी होते ती बहुधा हीच. ती टायफॉईडचा जंतू शोधत नाही, आपल्या शरीरानं जंतूशी लढताना तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. पूर्वी कधी टायफॉईड झाला असेल, लस घेतली असेल किंवा भलताच ताप असेल, तरी ती "पॉझिटिव्ह" येऊ शकते. एका विडालवर टायफॉईड ठरवणं म्हणजे बांधावरच्या पावलावरून चोर ठरवण्यासारखं. पाऊल खरं असतं, पण ते कालचं की मागच्या वर्षीचं, हे कोण सांगणार? खात्रीची तपासणी म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहणं, म्हणजेच ब्लड कल्चर. ते अँटिबायोटिकची पहिली सुई टोचण्याच्या आधी घ्यावं लागतं. आपण मात्र पहिल्याच दिवशी "डॉक्टर, पॉवरची सुई मारा" म्हणून बसतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. तात्यांना टीबीच्या गोळ्यांनी महिनाभर बरं का वाटलं? टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं आणि ते ब्रुसेलाच्या जंतूवरही चालतं. त्यामुळं रोगी थोडा सुधारतो, डॉक्टरला वाटतं निदान बरोबर, घरच्यांनाही तसंच वाटतं. बरं वाटलं म्हणजे रोग ओळखला गेला, असं नसतं. ही गोष्ट डॉक्टर आणि रोगी दोघांनीही गाठीला बांधून ठेवावी.

तिसरी गोष्ट आपली स्वतःची. येडशीहून बार्शी जवळ, धाराशिव जवळ, सोलापूर-लातूरला रेल्वे आणि एसटी आहे. चार दिवसांत उतार पडला नाही की आपण दवाखाना बदलतो. नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो, कारण जुने कागद घरी माळवदावर राहिलेले असतात. प्रत्येक डॉक्टर चार दिवसांचा ताप पाहतो, चार महिन्यांचा ताप कुणीच पाहत नाही. दुर्मिळ रोग लपून बसायला याहून चांगली जागा नाही.

आधी जनावर सांगतं

आपल्या मराठवाड्यानं याचा मोठा धडा घेतलेला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपला जिल्हा आणि लातूर यांनी काय सोसलं ते नव्यानं सांगायला नको. त्यानंतर 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पटापट मरायला लागले. मग घरात पाय ठेवू देईनात इतक्या पिसवा झाल्या. लोकांनी तक्रार केली ती पिसवांची. सप्टेंबरमध्ये माणसांना ताप आणि जांघेत, काखेत गाठी यायला लागल्या. तो प्लेग होता. देशात 1966 नंतर प्लेगचा रुग्ण नोंदला गेलेला नव्हता. डॉक्टरांची एक अख्खी पिढी प्लेग फक्त पुस्तकात वाचून तयार झाली होती. त्याच सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली.

हा प्लेगच का, यावर तेव्हा मोठमोठ्या तज्ज्ञांत वाद झाला. पुढं जंतूच्या जनुकीय तपासणीनं तो प्लेगच असल्याचं सिद्ध झालं. भूकंपाच्या भीतीनं लोक घराबाहेर झोपत होते, धान्य घरात होतं, त्यावर उंदीर माजले, असा खुलासा अनेक अभ्यासकांनी केला. पण मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. मामल्याच्या माणसांनी उंदीर मेलेले आधी पाहिले होते. रोग तज्ज्ञांना कळायच्या कितीतरी दिवस आधी गावाला कळला होता, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं.

हे एकदाच घडलं असं नाही. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात 1957 साली माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप आला. तोच हा माकडताप. 2016 साली तो आपल्या राज्यात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. तिथल्या माणसांनाही मेलेल्या माकडांचा अर्थ नंतर शिकावा लागला. उंदीर, माकडं, शेरडं: माणसाच्या आधी जनावर सांगतं. ते ऐकणारा माणूस गावात पाहिजे आणि गावाचं ऐकणारा माणूस तालुक्याला पाहिजे.

आमच्याच मातीतला डॉक्टर

कुणी म्हणेल, एवढं बारीक निदान करायला मुंबई-पुण्याची यंत्रं लागतात, खेड्यात काय होणार? त्याला उत्तर म्हणून एकच नाव पुरे. डॉ. हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या देहेड या गावचे, म्हणजे आपल्या मराठवाड्याचेच. गरिबीत शिकले. 1976 साली रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसं मरत, पोरं तर फार. मोठ्या पुस्तकांत या मरणाचं नीट कारण लिहिलेलं नव्हतं, उपाय तर नव्हताच.

बावस्करांनी काय केलं? रोग्याच्या खाटेशी रात्र-रात्र बसले. घाम किती येतो, हातपाय केव्हा गार पडतात, नाडी कशी चालते, तोंडाला फेस केव्हा येतो, सगळं तासातासाला लिहून ठेवलं. त्यातून त्यांना दिसलं की विंचवाच्या विषानं रोगी हृदयावर ताण येऊन, फुप्फुसात पाणी भरून मरतो. मग रक्तदाबाचं साधं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरलं आणि गंभीर रुग्णांतलं मरणाचं प्रमाण, जे शेकडा तीस-चाळीसपर्यंत असे, ते अगदी थोड्यावर आलं. त्यांचे लेख लॅन्सेटसारख्या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापले गेले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सगळं काम तालुक्याच्या गावात बसून झालं. त्यांच्याकडं होतं ते घड्याळ, वही आणि रोग्याजवळ बसायची तयारी.

हाच माणूस 2025 मध्ये पुन्हा एका कोड्यात पडला. त्या वर्षीच्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हातात यायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. बाया घराबाहेर पडेनात, पोरं शाळेत जाईनात. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी बुरशीला, कुणी शाम्पूला. आयसीएमआरची पथकं येऊन नमुने घेऊन गेली. बावस्करांनी लोकांचं रक्त, लघवी आणि केस तपासले आणि घरात शिजतं काय हेही विचारलं. रेशनचा गहू तपासला आणि त्यात प्रमाणाबाहेर सेलेनियम असल्याचं सांगितलं. हा गहू बाहेरच्या राज्यातून आलेला. म्हणजे रोगाचं मूळ शोधायला डोक्यावरून खाली चुलीपर्यंत यावं लागलं. "काय खाता?" हा प्रश्न आपल्या आज्या विचारायच्या, तोच शेवटी कामाला आला.

गवतातला कोळी, अंथरुणातली मण्यार

आणखी दोन आजार सांगतो. दोन्ही शेतकऱ्याचे आहेत आणि दोन्हींत रोगी बोलला नाही तर डॉक्टर फसतो.

पहिला स्क्रब टायफस. वांग्या-मिरचीवरचा लाल कोळी आपण ओळखतो. त्याच्याच जातकुळीतल्या एका कोळ्याची अगदी बारकी पिल्लं झुडपात, वाढलेल्या गवतात असतात. ती चावलेली कळत नाहीत. आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी. पुढं कावीळ, दम, किडनीचा त्रास, मेंदूला सूज, काहीही होऊ शकतं. चावल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि असते काखेत, जांघेत, करगोट्याखाली, बायांच्या छातीखाली. कपडे काढून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही आणि आपल्या बाया लाजेनं सांगत नाहीत. नेहमीची पेनिसिलीनच्या जातीची औषधं याला लागू पडत नाहीत, डॉक्सीसायक्लीनसारखी स्वस्त गोळी लागू पडते. नागपूर आणि विदर्भात 2018 साली याची साथ आली होती, माणसं दगावली. उत्तर प्रदेशात गोरखपूरकडं वर्षानुवर्षं पावसाळ्यात मेंदूज्वरानं लेकरं मरत होती. बराच काळ सगळा दोष जपानी मेंदूज्वराला दिला गेला. पुढं तपासणी केली तेव्हा त्यात मोठा वाटा स्क्रब टायफसचा निघाला. केवढी लेकरं गेली, आणि गोळी मेडिकलच्या फळीवर होती!

दुसरी मण्यार. ती रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दुखत नाही, सूज नाही, दात दिसतीलच असं नाही. माणूस पहाटे पोटात कळ येतेय, मळमळतंय म्हणून उठतो. घरचे ओवा देतात, डॉक्टर पित्ताचं औषध देतो. तासा-दोन तासांत पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, श्वास थांबतो. शेतवस्तीवर खाली झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठला आणि त्याच्या पापण्या जड झाल्या, तर साप दिसला नसला तरी सापच समजा. 108 ला फोन करा, सर्पदंशाची लस आणि श्वासाचं यंत्र असलेल्या दवाखान्यात न्या. डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की माणूस रात्री जमिनीवर झोपला होता. त्या एका वाक्यावर जीव अवलंबून असतो.

मग करायचं काय?

एक खुलासा आधी करतो. प्रत्येक ताप दुर्मिळ नसतो. शंभरांतले बहुतेक ताप साधे असतात, पाच-सात दिवसांत जातात. डेंग्यू, हिवताप, टायफॉईड, टीबी हेच आपल्याकडचे नेहमीचे रोग आहेत आणि आधी तेच शोधले पाहिजेत. हा लेख वाचून कुणी दोन दिवसांच्या तापाला ब्रुसेलोसिस म्हणू नये आणि मनानं गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. सांगायचं आहे ते न उतरणाऱ्या तापाबद्दल, न जुळणाऱ्या लक्षणांबद्दल.

शेतकरी बांधवांनी करायचं ते असं. सगळे कागद, तपासण्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरपुढं तीच पिशवी उलटी करा. सात दिवसांत ताप उतरला नाही तर सलाईनचा हट्ट सोडून रक्ताचं कल्चर करायचं का, हे आपणच विचारा. डॉक्टरनं विचारो वा न विचारो, पाच गोष्टी सांगा: काम काय करतो, कोणती जनावरं आहेत आणि त्यांच्यात गाभडणं किंवा मरणं झालं का, दूध निरसं पितो का, रानात-जंगलात किंवा दुसऱ्या मुलखात कुठं गेलो होतो, घरात-शेजारात आणखी कुणाला असंच झालंय का. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ऊसतोडीला कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या माणसानं तर ते आवर्जून सांगावं. गाभडलेल्या जनावराचा जार हातमोजे घालून काढा, मोजे नसतील तर जनावराच्या डॉक्टरला बोलवा. जार आणि पिल्लू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. दूध उकळूनच प्या. एकाएकी मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून रक्त आलं असेल तर ते फाडू नका, कातडं काढू नका. फाशीचा रोग असू शकतो आणि तोही माणसाला होतो.

डॉक्टर मंडळींना विनंती अशी. ओपीडीला दीडशे माणसं असतात, स्टूल ओढून बसायला वेळ नसतो, हे मान्य. पण चौथ्यांदा आलेल्या तापाच्या माणसाला दहा मिनिटं द्या. मागच्या डॉक्टरनं लिहिलं म्हणून ते खरं धरू नका. "मला कळलं नाही, पुढं पाठवतो" असं म्हणण्यात कमीपणा नाही. आम्हा खेडुतांना ते न कळता दिलेल्या सुईपेक्षा जास्त परवडतं.

आणि गावच्या कारभाऱ्यांनी. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, आशाताई आणि जनावरांच्या दवाखान्याचे पर्यवेक्षक यांनी महिन्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसावं. ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवावी. कुणाची जनावरं गाभडली, कुठं उंदीर किंवा माकडं मेली, कोणत्या गल्लीत एकाच जातीचे ताप आले, एवढंच त्यात लिहायचं. आज जनावरांचा डॉक्टर एका खात्याचा, माणसांचा दुसऱ्या खात्याचा आणि दोघांच्या वह्या एकमेकांना भेटत नाहीत. तात्यांची शेरडं दिवाळीत गाभडली, ताप पौषात आला. ही दोन्ही वाक्यं एकाच वहीत असती तर चार महिने आणि एक म्हैस वाचली असती.

असं होऊ शकतं याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. 2021 च्या जुलैत पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. गावानं आणि आरोग्य केंद्रानं ते अंगावर काढले नाहीत, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडं गेले. चिकुनगुन्या निघाला. तरी तपास थांबला नाही आणि महिनाअखेरीला त्याच गावात राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. राज्यातला पहिला रुग्ण मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नव्हे, एका खेड्यात ओळखला गेला. बेलसरला जमलं ते येडशीला, तेरला, ढोकीला, कळंबला का जमू नये?

सरकारकडं मागणं फार नाही. आपल्या धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अंबाजोगाई, लातूर, सोलापूरला आधीपासून आहेत. ब्रुसेलोसिस आणि स्क्रब टायफस यांच्या तपासण्या जिल्ह्याच्या ठिकाणी गरिबाला फुकट आणि वेळेत मिळाव्यात. नमुना पुण्या-मुंबईला पाठवला तर त्याचा निकाल रोग्याच्या गावापर्यंत यावा. आणि शेळ्यांच्या कळपांची तपासणी या जिल्ह्यापासून सुरू करावी. आमदार-खासदार, जिल्हा परिषदेचे कारभारी यांनी रस्त्यांबरोबर याचंही बोलावं. खड्डा दिसतो म्हणून त्याचा मोर्चा निघतो. ताप दिसत नाही, म्हणून त्याचं कर्ज शेतकरी गुपचूप फेडतो.

तात्यांना परवा विचारलं, आता कसं काय? म्हणाले, "बरं हाय. पर एक सांगू का? मला चार दवाखान्यांत पंचवीस येळा विचारलं, ताप किती हाय. शेरडांचं एकानंच विचारलं."